आधी ब्लँक लावा

माझी एकतीस वर्षं विषशास्त्र विभागात गेली. सीलबंद बरण्या यायच्या, त्यांत व्हिसेरा, म्हणजे मृतदेहातले आतले अवयव. सोबत पोलिसांचं पत्र, शवविच्छेदनाचा अहवाल, पंचनाम्याची प्रत. आधी सील तपासायचं, लेबल ताडून पाहायचं, रजिस्टरला नोंद घ्यायची, मग कामाला हात घालायचा. ज्यांनी ही वाट पाडली त्यांची नावं रोज तोंडात असायची. मार्शची चाचणी, लोकारचं तत्त्व, हेन्रीची पद्धत. पण ही माणसं कुठे बसून काम करायची, कुठल्या जिन्यानं चढायची, हे कधी पाहिलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर ते पाहायला निघाले. भाची कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. ती म्हणाली, "मावशी, अहवाल तुम्ही देणार आणि उलटतपासणी आम्ही घेणार. मग मला पण बघू दे ना हे सगळं." बरोबर प्रश्न विचारणारं कुणीतरी हवंच होतं, म्हणून तिला घेतलं.

दिवस पहिला: पॅरिस

पोलीस खात्याचं संग्रहालय पाचव्या विभागातल्या एका चालू पोलीस ठाण्यात, तिसऱ्या मजल्यावर आहे. खाली तक्रार द्यायला आलेली माणसं बसलेली असतात आणि त्यांच्या शेजारून आपण इतिहास बघायला वर जातो. १९०९ साली पोलीसप्रमुख लुई लेपीन यांनी ते सुरू केलं. खोल्या लहान, कपाटं गच्च भरलेली. मी सरळ अल्फाँस बेर्तियोंच्या कपाटाशी जाऊन उभी राहिले.

बेर्तियों १८७९ साली इथल्या पोलीस खात्यात साधा कारकून म्हणून लागला. पकडलेल्या माणसांची वर्णनं कार्डांवर उतरवून काढायची, हे त्याचं काम. वर्णनं कशी, तर उंची मध्यम, चेहरा सामान्य. असली हजारो कार्डं. सराईत गुन्हेगार नाव बदलून पुन्हा आला की त्याला ओळखायला जुन्या शिपायाची आठवण सोडून दुसरं काही हाताशी नसायचं. बेर्तियोंचे वडील आणि भाऊ दोघेही सांख्यिकीतले, घरात माणसं मोजण्याचीच चर्चा. त्याच्या मनात आलं की वीस वर्षांच्या पुढे हाडांची लांबी बदलत नाही, मग हाडंच मोजावीत. डोक्याची लांबी आणि रुंदी, डावं पाऊल, डावं मधलं बोट, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतचा डावा हात, उजवा कान, अशी एकूण अकरा मापं. प्रत्येक मापाचे लहान, मध्यम, मोठा असे तीन वर्ग आणि त्यांनुसार खणांत लावलेली कार्डं. आधीच्या पोलीसप्रमुखानं त्याला हसून परत पाठवलं. नव्या प्रमुखानं १८८२ च्या अखेरीस तीन महिन्यांची मुदत दिली. मुदत सरत आलेली असताना, १८८३ च्या फेब्रुवारीत, दुपाँ असं नाव सांगणाऱ्या एका माणसाची मापं जुन्या कार्डाशी जुळली. माणसाचं नाव होतं मार्तँ. पुढच्या वर्षभरात असे २४१ जण ओळखले गेले.

कपाटात त्याची मोजमापाची हत्यारं आहेत. डोकं मोजायचा वाकड्या पायांचा कॅलिपर मी बराच वेळ पाहत होते. कार्डांवर समोरून एक आणि बाजूनं एक असे दोन फोटो. आज जगभरातल्या पोलीस ठाण्यांत काढले जातात ते हेच. बाजूच्या फोटोत कान स्पष्ट दिसला पाहिजे असा त्याचा कटाक्ष असे, कारण कान माणसागणिक वेगळा.

रात्री खोलीवर आल्यावर मी भाचीचा डावा हात टेबलावर ठेवला आणि कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत टेपनं मोजला. ४३.१. पुन्हा मोजला, ४३.४. तिसऱ्यांदा ४२.९. माणूस तोच, टेप तीच, मोजणारीही तीच. बेर्तियोंला हे माहीत होतं, म्हणून मोजणाऱ्यांना तो माप पुन्हा पुन्हा घ्यायला लावायचा. पण त्याच्या नजरेखालच्या खोलीत जे साधायचं ते इतर गावांत, इतर देशांत, कंटाळलेल्या शिपायाच्या हातून साधत नव्हतं. पद्धत मागे पडली ती इथेच. मोजणाराचा हात त्या पद्धतीत मोजलेलाच नव्हता.

मग बोटांचे ठसे आले. बेर्तियोंनं ते आपल्या कार्डावर घेतले, पण शेवटी, जादा खूण म्हणून. १९०२ साली एका दंतवैद्याच्या घरी खून झाला तेव्हा फुटलेल्या काचेवरच्या ठशांवरून त्यानंच खुनी शोधला. युरोपातलं ते पहिल्या काही प्रकरणांपैकी एक. तरी कार्डं लावलेली राहिली मापांप्रमाणेच. १९११ मध्ये लूव्रमधून मोनालिसा गेली. काचेवर अंगठ्याचा ठसा मिळाला, चोराचं कार्डही याच दप्तरात होतं. पण नुसत्या ठशावरून कार्ड काढायची सोयच नव्हती. चित्र सापडलं दोन वर्षांनी, ते चोर विकायला गेला म्हणून.

दिवस दुसरा: पॅरिस, माँपार्नास

आजचा दिवस एका दफनभूमीत गेला, आणि सगळ्या प्रवासात मला सर्वांत जास्त काही मिळालं ते याच दिवशी.

माँपार्नासला मी आले होते ओर्फिलासाठी. मातेओ ओर्फिला, १७८७ साली मिनोर्का बेटावर जन्मलेला, पॅरिसला येऊन वैद्यक शाखेचा प्रमुख झालेला. १८१४ च्या सुमारास त्यानं विषांवरचा मोठा ग्रंथ काढला आणि विषशास्त्र हा स्वतंत्र विषय झाला. आम्ही सगळे त्याच्या घराण्यातले.

१८४० साली त्यूल या गावी मारी लाफार्ज या तरुण बाईवर नवऱ्याला आर्सेनिक घातल्याचा खटला चालला. मार्शची चाचणी तेव्हा चार वर्षांची होती. जस्तावर आम्ल टाकायचं, हायड्रोजन निघतो. नमुन्यात आर्सेनिक असेल तर तेही वायू होऊन त्याच्याबरोबर निघतं. तो वायू पेटवायचा आणि ज्योतीवर थंड चिनीमातीची बशी धरायची. बशीवर काळा चकचकीत डाग उमटला की आर्सेनिक. मिलिग्रॅमच्या पन्नासाव्या भागापर्यंत पकडणारी चाचणी होती ती. पण गावातल्या रसायनतज्ज्ञांना ती नीट जमेना. कधी आहे म्हणाले, कधी नाही. शेवटी पॅरिसहून ओर्फिलाला बोलावलं. त्यानं न्यायालयाच्याच इमारतीत रात्रभर काम केलं आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं, शरीरात आर्सेनिक आहे. एवढ्यावर तो थांबला नाही. ते आमच्या रसायनांतून आलेलं नाही, थडग्याभोवतीच्या मातीतून आलेलं नाही, हेही त्यानं साक्षीत सांगितलं.

त्याचं हे शेवटचं वाक्य माझ्यासाठी सगळं काही आहे. आमच्या भाषेत याला ब्लँक म्हणतात. तीच रसायनं, तीच काचेची भांडी, तीच ज्योत, फक्त नमुना नाही. त्यात काही दिसता कामा नये. दिसलं, तर दोष तुमच्या टेबलावर आहे.

मी नोकरीत तिसऱ्या वर्षाला होते. आर्सेनिकसाठी तेव्हा आम्ही याच चाचणीची धाकटी बहीण वापरायचो. वायू बशीऐवजी मर्क्युरिक ब्रोमाइडच्या कागदावर घ्यायचा, पिवळा-तपकिरी डाग पडतो. नवऱ्याला विष घातल्याचा आरोप असलेली एक बाई कोठडीत होती. मी चाचणी लावली, डाग पडला. फिकट, पण डागच. आनंदानं वही घेऊन वरिष्ठांकडे गेले. त्यांनी डागाकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "ब्लँक कुठंय?" सकाळी गर्दी होती, मी लावला नव्हता. "आधी ब्लँक लावा." लावला. अर्ध्या तासात त्या कागदावरही तोच डाग, तितकाच फिकट. जस्ताची बाटली त्या आठवड्यात नवी फोडलेली होती आणि त्या जस्तातच आर्सेनिक होतं. माझ्या हाताला घाम फुटला तो आजही आठवतो.

लाफार्ज खटल्यात बचाव पक्षाचा रास्पाय हा रसायनतज्ज्ञ नेमका हाच मुद्दा मांडणार होता, जस्ताच्या शुद्धतेचा. तो पोचला तेव्हा निकाल लागून काही तास झाले होते. बाईला जन्मठेप झाली. १८५२ मध्ये सुटली आणि त्याच वर्षी गेली. ओर्फिलाही अचूक नव्हता. निरोगी माणसाच्या हाडांत मुळातच आर्सेनिक असतं असं त्यानं आधी जाहीर केलं होतं, ते नंतर त्यालाच मागे घ्यावं लागलं. मागे घेतलं म्हणूनच मला तो मोठा वाटतो. त्याच्या थडग्याला हात लावून नमस्कार केला.

भाचीनं तोवर नकाशात दुसरं नाव शोधलं होतं. "मावशी, ड्रेफस इथेच आहे." याच दफनभूमीत, थोडं पुढे. साधी आडवी शिळा, वर कुणीकुणी ठेवलेले खडे. आल्फ्रेड ड्रेफस, फ्रेंच लष्करातला ज्यू अधिकारी. १८९४ मध्ये हेरगिरीच्या एका चिठ्ठीवरचं अक्षर त्याचं आहे असं ठरवून त्याला डेव्हिल्स आयलंड या कैद्यांच्या बेटावर पाठवलं. हे ठरवण्यात हात कुणाचा, तर बेर्तियोंचा. हस्ताक्षर हा त्याचा विषय नव्हे, पण नाव एवढं मोठं की त्याला विचारलं गेलं आणि त्यानंही उत्तर दिलं. चिठ्ठीतलं अक्षर ड्रेफसच्या अक्षराहून वेगळं आहे, हे त्याला दिसत होतं. त्यावर त्याचं म्हणणं असं की ड्रेफसनं स्वतःच्याच अक्षराची नक्कल केली, वेगळेपणा मुद्दाम आणला. म्हणजे अक्षर जुळलं तरी तोच आणि नाही जुळलं तरी तोच. त्याभोवती त्यानं जाळ्या, मापं आणि संभाव्यतेची गणितं रचली. १९०४ साली दार्बू, आपेल आणि प्वाँकारे या तीन गणितज्ञांनी ती गणितं तपासली आणि त्यांना कसलाही आधार नाही असं सांगितलं. १२ जुलै १९०६ ला ड्रेफस निर्दोष ठरला.

भाची शिळेवरची तारीख वाचत होती. तो गेलाही १२ जुलैलाच, १९३५ साली. आणि प्वाँकारेही याच भिंतींच्या आत आहे. ज्यानं ब्लँक लावला तो, ज्याच्यावर ब्लँक न लावता आरोप ठेवला तो, आणि ज्यानं नंतर हिशेब तपासला तो, तिघे एका आवारात.

भाचीनं विचारलं, "बेर्तियों खोटं बोलत होता का गं?" नाही. मला तरी तसं वाटत नाही. त्याला खरंच तसं दिसत होतं. खोटं बोलणारा तज्ज्ञ उलटतपासणीत पकडता येतो. स्वतःची खात्री पटलेला तज्ज्ञ पकडणं फार कठीण. तिनं हे वहीत लिहून घेतलं.

संध्याकाळी नदीच्या बेटाच्या टोकाला जाऊन आलो. नोत्र-दामच्या मागे १८६४ पासून शहराचं शवागार होतं, अनोळखी प्रेतं काचेमागे मांडलेली असत आणि लोक ओळख पटवायला म्हणून, खरं तर बघायलाच, रांगा लावत. १९०७ मध्ये ते लोकांसाठी बंद झालं. आता तिथे युद्धात छळछावण्यांत पाठवलेल्यांचं स्मारक आहे. आम्ही फार बोललो नाही.

दिवस तिसरा: लियाँ

दोन तासांत गाडी लियाँला पोचते. सोन नदीच्या काठी जुनं न्यायालय आहे, समोर चोवीस खांबांची रांग. याच इमारतीच्या माळ्यावर १९१० साली एदमाँ लोकारला दोन खोल्या मिळाल्या आणि पोलिसांची पहिली वैज्ञानिक प्रयोगशाळा सुरू झाली. नदीकडून पाहिलं की खांबांवर नजर खिळते. प्रयोगशाळा कुठे होती ते कळायला मागच्या गल्लीत जाऊन मान वर करावी लागते. छताखालच्या त्या लहान खिडक्या. सूक्ष्मदर्शक, वर्णपटदर्शक आणि काही मदतनीस एवढ्यावर चालायचं सगळं. सरकारी प्रयोगशाळांना अडगळीची जागा मिळते ही रीत बरीच जुनी म्हणायची.

लोकारचं तत्त्व आम्ही विद्यार्थ्यांना एका ओळीत शिकवायचो: दोन गोष्टींचा संपर्क आला की देवाणघेवाण होतेच. ते सुचलं कशातून, हे १९१२ च्या प्रकरणात दिसतं. एका तरुणीचा गळा दाबून खून झाला होता. संशय तिच्या मित्रावर, पण तो त्या रात्री गावाबाहेर मित्रांबरोबर पत्ते खेळत होता आणि तसे साक्षीदार होते. लोकारनं त्याची नखं खरवडून तो मळ सूक्ष्मदर्शकाखाली घेतला. त्वचेच्या पेशी होत्या, पण त्या कुणाच्याही असू शकतात. त्या काळी पुढे जाता येत नव्हतं. मात्र पेशींवर गुलाबी भुकटी होती. तांदळाचा स्टार्च, बिस्मथ, झिंक ऑक्साइड, मॅग्नेशियम स्टिअरेट आणि लाल रंगासाठी लोहाचं ऑक्साइड. तरुणीच्या खोलीतल्या पावडरीत हेच घटक. मित्रानं कबुली दिली, आणि घड्याळाचं कोडंही सुटलं: पत्ते खेळताना त्यानं भिंतीवरचं घड्याळ पुढे सरकवून ठेवलं होतं. साक्षीदार खरं बोलत होते. त्यांनी पाहिलेली वेळ खोटी होती.

भाचीला हे फार आवडलं. मला आवडतं ते त्या पेशींचं. त्यांच्यावर लोकारनं काही रचलं नाही. जिथे सांगता येत नव्हतं तिथे तो थांबला आणि भुकटीकडे वळला.

त्याचे गुरू आलेक्झांद्र लाकासान. विद्यापीठाच्या ज्या इमारतीत त्यांची वैद्यक शाखा होती ती ऱ्होनच्या काठी अजून आहे. दुपारी तिथवर चालत गेलो. १८८९ च्या ऑगस्टमध्ये लियाँजवळ मियेरी इथे गोणपाटात एक सडलेलं प्रेत सापडलं. पॅरिसचा गूफे नावाचा बेलिफ बेपत्ता होता. शवविच्छेदन करणारा डॉक्टर लाकासान यांचाच विद्यार्थी. त्यानं केस काळे लिहिले. गूफेचे केस पिंगट. नातेवाइकानं पाहून सांगितलं, हा तो नव्हे. विषय संपला. नोव्हेंबरमध्ये प्रेत पुन्हा उकरलं आणि लाकासान यांच्या टेबलावर आलं. त्यांनी ते केस आधी धुतले. रक्त आणि घाण निघून गेल्यावर खाली पिंगट रंग होता. उजव्या पायाची हाडं डाव्यापेक्षा हलकी, घोट्याला जुन्या आजाराची खूण. चौकशी केली तर गूफे लहानपणापासून थोडा लंगडत होता. वरची एक दाढ नव्हती, तीही जुळली. थोड्याशा पाण्यानं आणि साबणानं जे कळलं असतं त्याला तीन महिने लागले. लाकासान विद्यार्थ्यांना सांगायचे की बिघडलेलं शवविच्छेदन पुन्हा करता येत नाही. या वेळी नशिबानं करता आलं.

अजून एक. लोकारनं १९२२ मध्ये निनावी पत्रांचं एक प्रकरण सोडवलं. एका गावाला चार-पाच वर्षं विषारी पत्रांनी छळलं होतं. लोकारनं संशयित बाईला समोर बसवून तासन्‌तास श्रुतलेखन घातलं. मुद्दाम बदललेलं अक्षर थकव्यानं सुटत गेलं आणि खरं वर आलं. बेर्तियोंनं वेगळेपणाला पुरावा मानलं होतं. लोकारनं त्या वेगळेपणाची परीक्षा घेतली. आणि गाव कोणतं? त्यूल. ओर्फिलाच्या रात्रीचं तेच त्यूल.

दिवस चौथा: लोझान

जिनिव्हाला गाडी बदलून दुपारी पोचलो. इथल्या विद्यापीठात १९०९ साली रूडॉल्फ आर्चिबाल्ड राइसनं गुन्हेशास्त्राच्या प्रयोगविद्येचं पहिलं शिक्षण सुरू केलं. जन्म जर्मनीतला, शिक्षण इथलं, बाविसाव्या वर्षी रसायनशास्त्रात डॉक्टरेट, आणि हात बसलेला कॅमेऱ्यावर. घटनास्थळाचा फोटो कसा काढायचा हे त्यानं शिस्तीनं शिकवलं. आता ही शाखा गावाबाहेर तळ्याजवळच्या आवारात आहे. तरुण मुलं पाठीला पिशव्या अडकवून चालली होती. त्यांच्याकडे बघून बरं वाटलं.

राइस १९१४ मध्ये सर्बियाच्या सरकारच्या बोलावण्यावरून तिकडे गेला, युद्धात नागरिकांवर झालेले अत्याचार नोंदवायला. जखमा मोजल्या, साक्षी घेतल्या, फोटो काढले. गुन्ह्याच्या जागी जे करायचं तेच अख्ख्या प्रदेशात केलं. पुढे तो तिथेच स्थायिक झाला. १९२९ मध्ये बेलग्रेडला वारला.

इथून ऑस्ट्रियातल्या ग्रात्सला जायचं मनात होतं, हान्स ग्रोसच्या गावी. तपासी न्यायाधीशानं बरोबर न्यायच्या पेटीत काय काय हवं याची यादी करणारा तो माणूस: पावलांच्या ठशांसाठी प्लास्टर, मोजपट्टी, शपथेसाठी क्रूस. त्याच्या १८९३ च्या ग्रंथाचं इंग्रजी रूप १९०६ साली मद्रासमध्ये तयार झालं, हिंदुस्थानातल्या तपासाला जुळवून. वेळ नव्हता, ग्रात्स राहिलं. हुरहुर आहे.

दिवस पाचवा

सगळा प्रवासात. लोझानहून पॅरिस, पॅरिसहून लंडन. भाची झोपली आणि मी खिडकीशी वही लिहीत बसले.

दिवस सहावा: लंडन, डेप्टफर्ड आणि वुलिच

स्कॉटलंड यार्डाचं गुन्हे संग्रहालय सर्वसामान्यांना खुलं नाही. त्याची खंत केली नाही, कारण मला डेप्टफर्डची हाय स्ट्रीट बघायची होती. ३४ क्रमांकाच्या जागी १९०५ साली रंगाचं दुकान होतं. २७ मार्चच्या पहाटे तिथे राहणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्यावर हल्ला झाला, दोघेही गेले. पैशाच्या पेटीच्या आतल्या तबकावर अंगठ्याचा ठसा होता. तो ॲल्फ्रेड स्ट्रॅटनच्या उजव्या अंगठ्याशी अकरा जागी जुळला. ॲल्फ्रेड आणि त्याचा भाऊ दोघांना २३ मेला फाशी झाली. ब्रिटनमध्ये खुनाच्या खटल्यात बोटाचा ठसा ग्राह्य धरला गेला तो इथे. बचावाच्या बाजूनं उभ्या राहिलेल्या तज्ज्ञानं आपली सेवा आधी दोन्ही पक्षांना देऊ केली होती, हे पत्रांवरून उलटतपासणीत बाहेर आलं आणि तो तिथेच संपला. रस्त्यावर उभं राहून मी हे सांगितलं तेव्हा भाची दोन मिनिटं काही बोलली नाही.

बचावाच्या बाजूला अजून एक माणूस होता, हेन्री फॉल्ड्स. टोकियोच्या त्सुकिजीत मिशन रुग्णालय चालवणारा स्कॉटिश डॉक्टर. जुन्या मातीच्या भांड्यांवर कुंभाराची बोटं उमटलेली पाहून त्याचं कुतूहल जागं झालं. ऑक्टोबर १८८० मध्ये 'नेचर'मध्ये त्याचं पत्र छापलं: ठशांवरून गुन्हेगार ओळखता येतील. त्याच पत्रात त्यानं लिहिलंय की पांढऱ्या भिंतीवर उमटलेल्या काजळीच्या बोटांचा उपयोग झाला तो निर्दोष ठरवायला. या विद्येच्या पहिल्या पानावरच सुटका लिहिलेली आहे. स्ट्रॅटन खटल्यात त्याचं म्हणणं होतं की एकाच बोटाच्या ठशावर माणूस फासावर देऊ नका. ज्यानं शोध मांडला तोच सावध राहा म्हणत होता.

ठसे असून उपयोग नाही, ते लावायचे कसे हा खरा प्रश्न. मोनालिसाच्या वेळी पॅरिस तिथेच अडलं. तो सुटला होता बंगालात. १८५८ साली जंगीपूरला विल्यम हर्शेलनं राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या करारावर त्याच्या हाताचा ठसा घेतला होता. पुढे पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्रीच्या हाताखाली अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन उपनिरीक्षकांनी वर्गवारी बसवली. दहा बोटं, पाच जोड्या. प्रत्येक जोडीत भोवरा आहे की नाही एवढंच बघायचं आणि त्याला ठरलेले अंक द्यायचे. बत्तीस गुणिले बत्तीस, म्हणजे १०२४ खण. कोणतंही कार्ड यांतल्या एका खणात पडतं आणि काही मिनिटांत निघतं. या पद्धतीवर १८९७ साली कलकत्त्यात जगातलं पहिलं ठसे कार्यालय उघडलं. लंडनचं उघडलं १९०१ मध्ये. पद्धतीला नाव मिळालं हेन्रीचं. हक यांना खानबहादूर आणि बोस यांना रायबहादूर हे किताब मिळाले, तेही पुष्कळ वर्षांनी. डेप्टफर्डच्या त्या अंगठ्यामागे ही दोन नावं उभी आहेत आणि ती मी तिथे, रस्त्यात, मोठ्यानं उच्चारली.

संध्याकाळी त्याच रेल्वेमार्गानं वुलिच. जुन्या शस्त्रागाराच्या इमारतींत आता लोक राहतात. जेम्स मार्श इथे रसायनतज्ज्ञ होता आणि फॅरेडेचा मदतनीस. १८३३ मध्ये जवळच्याच एका म्हाताऱ्याच्या कॉफीत आर्सेनिक घातल्याच्या खटल्यात त्यानं आर्सेनिकचा पिवळा साका काढला, पण खटला उभा राहीपर्यंत साका बिघडला. ज्यूरीला काही दिसलं नाही, नातू सुटला, आणि नंतर त्यानं खून कबूल केला. त्या अपयशातून तीन वर्षांनी काळा डाग देणारी चाचणी आली. नदीकाठी अंधार पडेपर्यंत बसलो.

दिवस सातवा: लेस्टर

लंडनहून तासाभराच्या अंतरावर. विद्यापीठातली अनुवंशशास्त्राची प्रयोगशाळा. ॲलेक जेफ्रीस तिथे माणसांच्या गुन्ह्यांवर काम करतच नव्हता. सीलच्या स्नायूतल्या मायोग्लोबिन या प्रथिनाच्या जनुकापासून सुरुवात करून तो मानवी डीएनएमधल्या पुन्हापुन्हा येणाऱ्या तुकड्यांशी पोचला होता. १० सप्टेंबर १९८४ ला सकाळी नऊ वाजून गेल्यावर त्यानं अंधारखोलीतून क्ष-किरण फिल्म बाहेर काढली. प्रयोगशाळेतल्या एका सहकारी बाईचं आणि तिच्या आईवडिलांचं डीएनए, शेजारी काही प्राण्यांचं. प्रत्येकाच्या रेघा वेगळ्या आणि मुलीच्या रेघा आईबापांत वाटलेल्या. पहिला उपयोग झाला तो घानाहून परतलेल्या एका मुलाला त्याच्या आईकडे राहू देण्यासाठी.

१९८६ साली लेस्टरजवळच्या गावांत तीन वर्षांच्या अंतरानं झालेल्या दोन शाळकरी मुलींच्या खुनांचे नमुने त्याच्याकडे आले. सतरा वर्षांच्या एका मुलानं दुसऱ्या खुनाची कबुली दिली होती. पहिलाही त्याचाच, हे सिद्ध व्हावं अशी पोलिसांची अपेक्षा. फिल्मवर दिसलं की दोन्ही खून एकाच माणसाचे आहेत, आणि तो माणूस हा मुलगा नाही.

जेफ्रीसच्या मनात पहिली शंका आली ती स्वतःच्या तंत्राचीच. कबुली हातात, पोलीस ठाम, आणि आपली दोन वर्षांची पद्धत म्हणते नाही. चुकलं असेल तर आपलंच चुकलं असेल. त्यानं चाचणी पुन्हा केली. सरकारी प्रयोगशाळेनंही वेगळी करून पाहिली. उत्तर तेच. डीएनएनं गुन्ह्यात पहिलं काम केलं ते या मुलाला सोडवण्याचं. मग पाच हजारांहून जास्त पुरुषांचे नमुने घेतले गेले. खरा गुन्हेगार त्यांतूनही निसटला होता, आपल्याऐवजी दुसऱ्याला रक्त द्यायला पाठवून. तो दुसरा माणूस हे बोलून गेला, कुणीतरी ऐकलं, आणि १९८८ मध्ये शिक्षा झाली.

परतीच्या गाडीत भाचीनं वही मिटली. मला वाटलं ती त्या मुलाबद्दल विचारेल, त्यानं न केलेला खून का कबूल केला असेल म्हणून.

"मावशी, तुझ्या त्या बाईचं काय झालं? जस्ताच्या डागाची."

नवं जस्त मागवलं. ब्लँक कोरा आला तेव्हाच नमुना लावला. नमुनाही कोरा. आर्सेनिक आढळून आलं नाही, असा अहवाल गेला. आमच्याकडे प्रकरण नंबरानं येतं आणि नंबरानं जातं. माणूस कधी दिसत नाही.

"म्हणजे तुला कळलंच नाही?"

"साक्षीचं समन्स आलं असतं तर कळलं असतं. ते कधी आलं नाही."

तिनं वही परत उघडली आणि विचारलं, "नंबर आठवतो?"

मी सांगितला. तिनं लिहून घेतला.